वॅसबर्टचं लंडन

जमैकातल्या किंग्स्टनमधले ज्यूकबॉक्सवाले, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र ठेवणारे दुकानदार, डंकनच्या कंपनीची रेकॉर्ड वाजवायला कधी नाही म्हणत नसत, ते काही गाण्यांच्या गोडीने नव्हे, डंकनचा गुंड वॅसबर्टच्या धाकाने. तो दुकानात शिरायचा, लोखंडी पाइप काउंटरवर ठेवायचा आणि लाडात विचारायचा, "काका, आमची रेकॉर्ड दिसत नाही ती?" एकाने उलट उत्तर दिलं, तर त्याचे दात रस्त्यावर सांडले. आणि हाच राक्षस बायकोसाठी पोरासारखा झुरायचा. मर्लीन लंडनला नर्स होती. कित्येक वर्षांत तिचं तोंड दिसलं नव्हतं.

म्हणून लंडनची कंपनी डंकनची गाणी जगभर विकायला तयार झाली, तेव्हा सगळ्यात जास्त हुरळला तो वॅसबर्ट.

"करारावर आपल्या गायकाची, फर्डीची सही आण," डंकन म्हणाला. "तो तिकडे गायला जाईल, तू त्याचा रखवालदार. तिकीट माझं. फक्त चेहऱ्याला नि गळ्याला धक्का लावू नकोस, तेच विकायचंय."

फर्डी सही करेना. "एक सूट शिवून द्यायचा नि बदल्यात जन्मभराचा आवाज घ्यायचा? डंकनला म्हणावं, मासे विक."

वॅसबर्टचं डोकं फिरलं. चेहरा नको, गळा नको. त्याने फर्डीचा उजवा हात दाराच्या फटीत घातला आणि दाराला लाथ मारली. सही याच बोटांनी करायची होती, हे गाढवाच्या लक्षात आलं तेव्हा फर्डी जमिनीवर लोळत होता.

लंडनच्या कंपनीचा माणूस करार घ्यायला दुसऱ्याच दिवशी येणार होता. डंकनने वॅसबर्टच्या कानाखाली लगावली. हात प्लॅस्टरमध्ये घालून फर्डी स्टुडिओत आला आणि शांतपणे म्हणाला, "डाव्या हाताने करतो सही. आधी याचा हात मोड. माझ्यासमोर."

वॅसबर्टने कुणी धरायची वाट पाहिली नाही. मर्लीनचं नाव पुटपुटत त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. पाइप डंकनने उचलला. पहिल्या घावाला वॅसबर्टने ओठ चावून फोडला, दुसऱ्याला तो भडाभडा ओकला, पण हात मागे घेतला नाही. असल्या प्रेमाची मला कीव येते, आणि रागही.

फर्डीने वेडीवाकडी सही केली आणि तो निघून गेला.

"बॉस, माझं तिकीट?" वॅसबर्टने कण्हत विचारलं.

"तुला पाठवलं असतं तर इथली दुकानं कुणी सांभाळली असती? फर्डीबरोबर रखवालदार म्हणून माझा दुसरा माणूस, डेरिक जातोय. त्याचा सूट गेल्या आठवड्यातच शिवून आला." डंकनने त्याच्या हाताकडे पाहिलं. "आता दुकानांसाठीही दुसरा माणूस बघावा लागेल."