काकूची नागीण आणि माझं व्याख्यान

मला समजावून सांगायची खाज आहे. समोरच्याने विचारलेलं नसलं तरी चालतं. जळगाव जामोदच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो, आणि त्याआधीची काही वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, नागीण ज्या विषाणूमुळे होते त्याच्याच एका भाऊबंदाच्या मागे घालवली आहेत. त्यामुळे वरवट बकालहून चुलतभावाचा फोन आला, "दादा, आईच्या कपाळावर नागीण निंघाली, अर्धं डोक्सं जळून राह्यलं म्हन्ते," तेव्हा काळजी वाटली हे खरंच; पण आत कुठेतरी उकळीही फुटली. माझा विषय निघाला होता!

जाऊन पाहिलं आणि उकळी जिरली. फोडांची रांग केसांतून निघून पापणीपर्यंत उतरली होती. काकूला एकाच डोळ्याने नीट दिसतं. दुसऱ्याने फक्त उजेड-अंधार कळतो. नागीण नेमकी चांगल्या डोळ्यावर चालली होती. तिचं तोंड-शेपूट जुळू नये म्हणून गावातल्या कोणीतरी भोवती गेरूची रेघ ओढून दिली होती. पण भावाने शहाणपणा करून डॉक्टरही गाठले होते. डॉक्टरांनी गोळ्या देऊन बजावलं होतं, एकही चुकवू नका, डोळ्यात उतरली तर नजर जाईल. काकूने पहिली गोळी घेतलीही होती.

म्हणजे सगळं बरोबर चाललं होतं. मी गप्प चहा पिऊन परत यायला हवं होतं.

"काकू, हा विषाणू आत कसा शिरतो माहीत आहे का?" मी सुरू केलं.

"नाई बाप्पा. सांग."

मग काय! विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे खुंट असतात, प्रत्येक खुंट कसा घडवायचा ते त्याच्या जीनमध्ये लिहिलेलं असतं. एक खुंट पेशीला चिकटतो, दुसरा तिच्या पडद्यातून वाट करतो. आम्ही पुण्यात त्यातला एखादा जीन काढून टाकायचो. मग विषाणू पेशीच्या दारापर्यंत जायचा, चिकटायचा, अन् तिथेच लटकून राहायचा.

"मंग माह्यावालीचा काढून टाक ना तो."

"असा माणसाच्या अंगात नाही काढता येत, काकू."

"तं मंग इतके वर्षं तू तथी काय करून राह्यला होता बे?"

भाऊ फिसकन हसला. एकदा मी विषाणू टाकायलाच विसरलो होतो, आणि पेशी सुखरूप पाहून अख्ख्या प्रयोगशाळेला चहा पाजला होता, हे मी तिथे सांगितलं नाही. गेलेली पत सावरायला मी हुकमाचं पान काढलं.

"लहानपणी तुला कांजिण्यांची माता आली होती ना? अंगभर फोड? तीच ही. तेव्हा ती गेलीच नव्हती. नसांमध्ये झोपून राहिली, आता उठली."

"तीच?" काकू सरळ होऊन बसली.

"तीच!"

काकूने हात जोडले. मला वाटलं, विज्ञानाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर पुन्हा गेलो तर दारावर कडुलिंबाचा पाला. भाऊ ओसरीत फोडणी नसलेल्या वरणाचं ताट घेऊन बसला होता. "घ्या दादा, तुमचंच डाक्टरी जेवन. आईनं गोळ्या बंद केल्या." माता म्हणजे देवीच अंगात आलेली; ती घरात असली की फोडणी नाही, औषध तर मुळीच नाही. आमच्याकडच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. फक्त बोलताना आठवलं नाही.

पापणी सुजून डोळा जवळजवळ झाकला होता.

"काकू, नजर जाईल!"

"माताले गोळ्या मारू काय मंग? तूच तं सांगतलं."

आता तिला 'ती माता नाही' म्हणावं तर कालचं व्याख्यान खोटं ठरत होतं, आणि ते तर माझ्या उभ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी व्याख्यान. मी भीती घालून पाहिली. तिने डोक्यावर पदर घेतला. शेवटी माझ्याकडे उरलं तेच वापरलं: जीन.

"ऐक. ही गोळी पोटात जाते, रक्तात जाते, पण आपण होऊन काही करत नाही. विषाणूजवळ त्याचा एक जीन आहे. त्या जीनचं काम सुरू असतं तिथेच ही गोळी जागी होते. चालू करणारा हात त्याचा, आपला नाही. तो जीन बिघडलेला असला तर गोळी जवळपास वाया जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

काकूने पदर मागे सारला. मग म्हणाली, "मंजे आपून निस्तं पुढं ठेवाचं?"

"हो."

"तिनं घेतलं तं घेतलं, नाई तं नाई?"

"अगदी तसंच." आणि सांगतो, पुस्तकातही याहून फार वेगळं लिहिलेलं नाही.

"मंग काल कायले नाई सांगतलं? खुंट अन् खुंट करत बसला!" तिने गोळी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पाण्याबरोबर गिळली. मी तोंड मिटून बसलो. एखादा शब्द जास्त बोललो तर ती बाहेर काढील अशी धास्ती होती.

रात्र पडायच्या आत पुढची गोळीही गेली. खपल्या धरल्यावर आम्ही तिला खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिवा लावून वरखाली पाहिलं.

"बुबुळ साफ आहे," ते म्हणाले. "कपाळाची आग मात्र बरेच दिवस राहील, आजी."

"राहू द्या. दिसून राह्यलं ना." काकूने वळून त्याच डोळ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अन् तू रे, मास्तर मानूस, शर्टाच्या गुंड्या वरखाली लावून आला डाक्टरापुढं?"

मी खाली पाहिलं. एक घर चुकलं होतं खरं.