बाटलीतली पेन्सिलची चिठ्ठी

देवगडे सरांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथासाठी लिहायला मी दोनदा नकार दिला होता. स्तुती मला लिहिता येत नाही. पण गेल्या आठवड्यात सरांनी कपाट रिकामे करून जुन्या बाटल्या माझ्याकडे दिल्या. त्यांतल्या एकीतली चिठ्ठी वाचून मी हादरले. आता गप्प बसणे अप्रामाणिकपणाचे होईल.

प्राणिशास्त्र विभागात मी रुजू झाले त्या दिवशी सर मांसाच्या तुकड्यावर अळ्या वाढवत होते. मी नाकाला पदर लावला. "पदर सोडा, बाई. या साक्षीदार आहेत," सर म्हणाले. प्रेतावरची अळी कोणत्या माशीची आणि किती दिवसांची, यावरून ते मृत्यूची वेळ सांगत. निम्म्या अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, निम्म्या माशी होईपर्यंत वाढवायच्या. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून जातीचे नाव पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीतच टाकायची.

पारशिवनीजवळ शेतात एक प्रेत सापडले. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून सुखदेव नावाच्या शेजाऱ्याला अटक झाली. पोलिसांना अहवाल तातडीने हवा होता. अळ्या मीही पाहिल्या आणि दिवाळीच्या रजेवर गेले. सर पुन्हा तपासतीलच, असे धरून चालले.

अहवालात जात हळू वाढणारी ठरली. म्हणजे मृत्यू आधीचा, सुखदेव गावात असतानाचा. पुढे वाढवलेल्या अळ्यांतून निघाली ती झपाट्याने वाढणारी माशी. म्हणजे मृत्यू नंतरचा, आणि तेव्हा सुखदेव खाप्याला बहिणीकडे होता. सर स्वतः न्यायालयात उभे राहिले. "चूक माझी आहे," म्हणाले.

"प्रोफेसरसाहेब, उद्या कोणती माशी निघणार?" सरकारी वकिलांनी विचारले. लोक हसले. पोलिसांनी सरांकडे नमुने पाठवणे बंद केले ते कायमचे.

सुटल्यावर सुखदेव प्रयोगशाळेत आला. "सर, तुमच्यानं सुटलो मी."

"अडकला बी माह्याच कागदानं होता गा. पाया नको पडू."

मी ते खरे मानले. स्टाफरूममध्ये म्हणालेही, "सरांनी माशी निघेपर्यंत थांबायला हवे होते." सर दारातच होते. "बरोबर आहे, बाई," एवढेच बोलले.

त्या बाटलीतल्या चिठ्ठीवर चुकीच्या जातीचे नाव आहे. अक्षर माझे आहे. रजेच्या घाईत मीच ती लिहून विसरले होते, आणि सरांनी तिच्यावर विसंबून अहवाल दिला होता.

मी तडक नागपूरच्या महाल भागात त्यांच्या घरी गेले. "हे इतकी वर्षे का लपवलेत?"

"सही माझी होती. आणि तुमची नोकरी तेव्हा कच्ची होती." मग हसून म्हणाले, "परदेशात आता डीएनएवरून ओळख पटवू लागलेत. उद्या अळीच्या कणावरूनच माशीची जात कळेल, डोळ्यांवर विसंबायला नको. तोवर अल्कोहोल आटू देऊ नका."

वाचकहो, चूक सरांची नव्हती, माझी होती. त्यांचे हसे झाले ते माझ्यामुळे. ती चाचणी नागपुरात होईल तेव्हा पहिली बाटली सरांनीच उघडावी. तोवर आणि त्यापुढेही त्यांची प्रकृती ठणठणीत राहो.

सरांकडून मिळाले: अळ्यांच्या बाटल्या एकतीस, नोंदवही एक, पेन्सिल एक. पारशिवनीच्या बाटलीतली चिठ्ठी बदललेली नाही.