इस्त्री फिरवलेला सेनापती

शिंपीकाम सोडल्यावर मास्तरांनी जलरंग शिकायला घेतले, तेव्हा घरच्यांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागे पोटभर हसून घेतलं. हसोत बापडे! मास्तरांना घाई होती. त्यांच्या मोठ्या बहिणीचे डोळे जात चालले होते. डॉक्टरांनी फार तर दोन-तीन महिने म्हटलं होतं, आणि तेवढ्यात तिला एक चित्र दाखवायचं होतं.

तेही कुठलंही नव्हे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक जुना सेनापती होता, ढाल-तलवार घेतलेला, भरघोस मिशांचा. लहानपणी ताईने घरात हट्ट धरून रंगांची पेटी मिळवून दिली आणि धाकट्याने तो सेनापती काढला. ताई तासभर त्याच्याकडे बघत बसली होती. काय दिवस होते ते! वडिलांनी मात्र चित्राचा बोळा केला आणि पोराला मशीनवर बसवलं. ते पोर सत्तरी गाठेपर्यंत काही उठलं नाही.

चित्रकलेच्या बाई वयाने नातीएवढ्या. मास्तरांच्या हट्टावरून त्यांनी पुस्तकातला तोच सेनापती समोर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, रंगाचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही."

"वाळेपर्यंत करायचं काय?"

"बसायचं."

बसायचं! गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना ज्याने उभा जन्म काजं-बटणं केली, त्याला म्हणे बसा! दोनदा मास्तरांनी ओल्यावरच रंग दिला आणि दोनदा सेनापती चिखलात लोळून आल्यासारखा झाला. तिसऱ्यांदा मात्र चेहरा जमला. डगल्याच्या चुण्या तर अशा पडल्या की बाई म्हणाल्या, "काका, हे मलाही नाही येत."

राहिला होता नुसता सेनापतीच्या मागचा रंग वाळायचा. ताईकडे जायची वेळ झालेली. मास्तरांचा हात सवयीने गेला तो थेट इस्त्रीकडे. ओलं कापड काय आणि ओला कागद काय! चर्र झालं, आणि सेनापतीच्या खांद्यामागे इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उमटला. "गाढव आहेस!" मास्तरांनी स्वतःलाच सुनावलं. पण नवीन काढायला वेळ होता कुठे? तसंच गुंडाळून निघाले.

ताई खिडकीजवळ बसली होती. तिने कागद नाकाशी नेला, लांब धरला, उजेडाकडे तिरका केला.

"ढाल छान काढलीस हो," ती म्हणाली.

खरी ढाल खाली सेनापतीच्या हातात होती, फिकट निळी. ताईचं बोट होतं त्या डागावर.

"आणखी काय दिसतंय?"

तिने कागद पुन्हा नाकाशी नेला. "बाकी कागद कोराच वाटतो रे."

उशीर झाला होता. मास्तरांना खोटं बोलावंसं वाटलं, पण ताईपुढे त्यांचं खोटं कधी खपलं नव्हतं.

"ताई, ती ढाल नाही. इस्त्री आहे."

ताई हसली, खोकला येईपर्यंत हसली. "तू नाही सुधारायचास! ये, बस इथे. माझं बोट धर आणि दाखव कुठे काय आहे ते."

मास्तरांनी तिचं बोट धरलं. "ही टोपी. हे कपाळ. हा डगला, या चुण्या. आणि ही मिशी... जरा वाकडी झालीय."

"डावीकडे ना?" ताई म्हणाली. "तेव्हाही डावीकडेच वाकडी होती."

मास्तरांना एकदम रडूच फुटलं.