बटणावरचा अंगठा

मोहटादेवीवर माझा राग होता. राग म्हणजे साधासुधा नाही, तीन वर्षं मुरलेला. माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले, आमचं गाव शेवगावकडचं, आणि मोहटा गडावरच्या या देवीसाठी नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल घालायची नाही हा त्यांचा नेम. पुढे त्यांना साखरेचा आजार जडला, तळपायाची जाणीव गेली, तरी नेम काही सुटला नाही. एका नवरात्रात पायाला जखम झाली, ती चिघळली, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि वर्षाच्या आत ते गेले. जिच्यासाठी हा माणूस जन्मभर अनवाणी चालला, तिला त्याचा एक पाय राखता आला नाही? मी देवघराकडे बघायचंच सोडून दिलं. बायको आरतीला उभी राहिली की मी गाडी पुसायला अंगणात जायचो. तसा मी मुळातच तिरसट. बायको म्हणते, तुमच्याशी भांडायचं तर देवीलाही आधी रजा टाकावी लागेल.

मी नगरला माजी सैनिकांच्या रुग्णालयात तंत्रज्ञ आहे. लोकांना वाटतं मी एक्स-रेचे फोटो काढतो, 'श्वास घ्या, धरा, सोडा' म्हणणारा. ते काम मी पूर्वी करायचो. आता जिथं आहे तिथं रक्तवाहिन्यांचं काम चालतं. डॉक्टर मांडीतल्या धमनीतून केसासारखी तार आत घालतात आणि जिथं रक्त अडलंय तिथं फुगा फुगवून वाट मोकळी करतात. तार दिसते ती माझ्या यंत्रामुळे. रक्तात एक औषध सोडायचं, आम्ही त्याला डाय म्हणतो. ते जिथवर पोचतं तिथवरच्या वाहिन्या पडद्यावर काळ्या उमटतात. डाय सोडताना सगळे काचेच्या पलीकडच्या खोलीत येतात आणि मी बटण दाबून धरतो. अंगठा बटणावर आहे तोवर चित्रं निघत राहतात, अंगठा उचलला की बंद. एवढंच माझं काम, पण ते माझ्याइतकं चोख कुणी करत नाही अशी मला घमेंड होती. किरण फार वेळ चालू ठेवायचे नसतात, त्यामुळे डाय पुढे सरकेना झाला की मी क्षणात अंगठा उचलायचो. उगाच रेंगाळणं माझ्या स्वभावात नाही.

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा ते हवालदार आमच्याकडे आले. आमच्याकडे पेशंटला नावानं हाक मारत नाहीत, हुद्द्यानं मारतात. माणसानं अंगावर दवाखान्याचा झगा घातला की त्याचं सगळं उतरतं, हुद्दा तेवढा राहतो, म्हणून ही पद्धत पडली असावी. पाथर्डी तालुक्यातले, सत्तरीच्या पुढचे, ताठ. चाकाच्या खुर्चीतही पाठ टेकवत नव्हते. डावा पाय घोट्यापर्यंत काळानिळा, दोन बोटं तर गेल्यातच जमा. कागदावर वाचलं: साखर, मूत्रपिंडं अशक्त. मी विचारलं, "लागलं कशानं?"

ते काही बोलायच्या आत त्यांची बायको बोलली. "कशानं म्हंजी? बाभळीचा काटा. सातव्या माळेला गडावर चालत गेले, अनवानी. म्या म्हनलं, पायाला कळत न्हाई, चप्पल घाला. तर म्हनं, देवीच्या दारात चप्पल घालून जाऊ व्हय? तीन दिस काटा पायात घेऊन हिंडले. म्या पाय धुवाय बसले तवा दिसला."

तोच नेम, तोच आजार, पायसुद्धा तोच. मी यंत्राशी उगाच खुडबूड करत बसलो. आमच्या डॉक्टर मॅडमनी त्या दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण हात विलक्षण स्थिर. म्हणाल्या, गुडघ्याखाली रक्त जवळजवळ बंद आहे. वाट उघडली तर दोन बोटांवर निभावेल. नाही उघडली तर उद्याच पाय कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. आणि मूत्रपिंडं अशक्त असल्यामुळे डाय फार वापरता येणार नाही. हवालदारांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ठीक है." जणू बदलीचा हुकूम आला होता.

टेबलावर घेताना मला राहवलं नाही. पाय पट्ट्यांनी बांधता बांधता मी हळूच, पण कडू तोंडानं विचारलं, "हवालदार साहेब, देवीचा राग नाही आला?" ते छताकडे बघत म्हणाले, "तिनं कवा सांगितलं हुतं चप्पल काढ म्हनून? म्या आपल्या हौसेनं काढली. हौस आपली आन बोल तिला?" मला त्याचाही रागच आला. असलं शहाणपण माझे वडीलही बोलायचे. मी म्हटलं, "बरं. आता हलायचं नाही. बोलायचं पण नाही. पाय जरा हलला की चित्र बिघडतं." ते म्हणाले, "हुकूम," आणि ओठ मिटून घेतले.

काम सुरू झालं. मांडीतून डाय सोडला, मी बटण दाबलं. गुडघ्यापर्यंत धमनी दिसली, पुढे पोटरीत नुसते तुटके धागे, आणि पावलात काहीच नाही. कोरा पडदा. मी अंगठा उचलला. मॅडमनी वरून तार घालून बघितली, ती त्या बंद वाहिनीत शिरेना. परत प्रयत्न, परत तेच. दुसऱ्यांदा डाय सोडला, मी यंत्र फिरवून कोन बदलला, पुन्हा पावलात काही नाही, पुन्हा अंगठा उचलला. दीड तास गेला. शिशाच्या एप्रनखाली माझी पाठ घामानं चिंब झाली होती. मॅडम काचेमागे आल्या, मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "घोट्यापाशी एखादी उघडी वाहिनी दिसली असती तर खालून वर तार घातली असती. पण पावलात रक्तच पोचत नाहीये. एकदा शेवटचं बघू. यापुढे डाय देणार नाही मी, नाहीतर पायासाठी मूत्रपिंडं घालवू." मास्क परत वर चढवत म्हणाल्या, "नाही दिसलं तर सर्जनना फोन करते."

मी मनात म्हटलं, झालं. म्हणजे आणखी एक पाय. त्या क्षणी मी प्रार्थना वगैरे काही केली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. उलट देवीला मनातल्या मनात म्हणालो, बघ, तुझी माणसं अशी झोपलेली असतात टेबलावर. मग सवयीनं कॅमेरा पावलावर आणला, डाय भरला आणि बटण दाबलं.

डाय अंगात गेला की आग होते. भल्या भल्यांना आई-बाप आठवतात. हवालदार दोनदा गप्प राहिले होते. तिसऱ्यांदा मात्र स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. विव्हळणं नव्हतं ते, ओरडणंही नाही. गडाच्या पायऱ्या चढताना माणसं देतात तशी खणखणीत हाळी, "उदो गं अंबे, उदो!" पाय मात्र तसूभर हलला नाही.

आमच्या गावाकडे कुणी उदो म्हटलं की ऐकणाऱ्यानं उदो म्हणायचं असतं. हे कुणी शिकवत नाही. वडिलांच्या खांद्यावर बसून गड चढलो तेव्हापासून माझ्या तोंडून ते आपोआप निघायचं. त्या दिवशीही घशापर्यंत आलं आणि तिथं अडलं. म्हणवेना, गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं, समोरचा पडदा दिसेनासा झाला. वडील आठवले, त्यांचा कापलेला पाय, त्या पायाला खाज येते म्हणून रिकाम्या गादीवर त्यांचं ते हात फिरवणं, सगळं एकदम अंगावर आलं. मी कुठं आहे याचंही भान राहिलं नाही. शेवटी फार वेळानं माझ्या तोंडून जे निघालं ते "उदो" होतं की नुसता हुंदका, देव जाणे.

"थांबा!" मॅडम ओरडल्या. मी दचकलो. माझा अंगठा अजून बटणावरच होता. नेहमी सोडतो त्याच्या तिप्पट तरी वेळ मी तो दाबून धरला होता. मी घाबरून म्हणालो, "सॉरी मॅडम, सोडायचं राहून गेलं." त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी चित्रं मागं घेतली आणि हळूहळू पुढे सरकवली. कोरं पाऊल, कोरं पाऊल, कोरं पाऊल. आणि मग अगदी शेवटी, घोट्याच्या आतल्या बाजूनं, दोऱ्यासारखी एक बारीक काळी रेघ उमटत गेली आणि तळव्यात जाऊन दुभंगली. रक्त पोचत होतं. आडवाटेनं, लहान लहान वाहिन्यांतून, फार उशिरा पोचत होतं, पण पोचत होतं.

पुढची हकिकत डॉक्टरांच्या हातांची आहे, माझी नाही. मॅडमनी घोट्यापाशी त्या दोऱ्यात सुई घातली, खालून वर तार सरकवली, ती वरच्या वाटेला जाऊन मिळाली आणि फुगा फुगला. हवालदारांचं पाऊल तासाभरात कोमट लागायला लागलं. मी हात लावून बघितलं, मग त्यांच्या बायकोला आत बोलावून तिचा हात लावून दिला. तिनं पाऊल चाचपलं आणि म्हणाली, "आता निस्तं चप्पल काढू द्या ह्यास्नी, बघतेच." आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली.

सगळे मला शाबासकी देत होते आणि मला ती टोचत होती. कारण मला माहीत होतं, पहिल्या दोन्ही वेळी मी घाई केली होती. ती रेघ तेव्हाही उमटली असती, मी थांबलो असतो तर. मॅडमना मी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मलाही सुचलं नव्हतं, आता इथून पुढे असे पाय आले की आपण थांबायचं. त्यांनी ते भिंतीवर लिहूनच लावलं. पण माझ्या मनातून जाईना. आजवर किती पायांच्या वेळी मी अंगठा असाच उचलला असेल? जिथं मला काही दिसलं नाही तिथं काही नाहीच, असं किती वेळा छातीठोकपणे ठरवलं असेल? नुसतं यंत्रावरच नाही. देवीच्या बाबतीतही मी तेच केलं होतं.

महिन्याभरानं हवालदार तपासणीला आले ते चालत. हातात काठी, पायात मऊ तळव्याचे बूट, दोन बोटं कमी. बायको मागं, पाळत ठेवल्यासारखी. त्यांना ते चित्र बघायचं होतं. मी दाखवलं, आणि दाखवता दाखवता सगळं कबूल करून टाकलं. माझी घाई, वडिलांचा पाय, देवीवरचा राग, आणि ही वाट दिसली ती माझ्या हुशारीनं नव्हे तर बटण सोडायचं राहून गेलं म्हणून. वाटलं, म्हातारा चिडेल. तो पडद्यावरची ती बारीक रेघ बोटानं गिरवत राहिला.

"हे माजं रगत?"

"हो."

"लई उशिरा पोचतंय की."

"हो. पण पोचतंय."

"मंग झालं तर," ते म्हणाले. "फौजेत आमी एका चौकीवर आठ दिस कुमकीची वाट बघितली. आली नवव्या दिसाला. उशिरा आली म्हनून तिला कुमक न्हाई म्हनायचं व्हय?" मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या वडलांची का न्हाई आली, ते मला न्हाई सांगता यायचं, साहेब. माज्या शेजारचा गडी सातव्या दिसाला गेला. त्याचं बी मला न्हाई सांगता येत."

मी त्यांचे पाय धरले. ते "अरं, अरं" करत मागं सरकले, तर मी डावा पाय आणखी घट्ट धरला. बुटातूनही तो उबदार लागत होता. त्या माणसाचा पाय त्याच्याच अंगावर आहे, तो त्या पायानं माझ्या दारात चालत आलाय, याहून मोठा प्रसाद मला कुठल्या गडावर मिळणार होता? त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझ्या अंगठ्याला त्या वेळी माझं ऐकू दिलं नाही, एवढीच माझ्यावर कृपा झाली.

मी अजूनही तिरसटच आहे, बायकोला विचारा. वडिलांच्या वेळी ती कुमक का पोचली नाही, हा प्रश्न मिटलेला नाही, मिटेल असंही वाटत नाही. मी तो अजून विचारतो. फक्त आता देवीलाच विचारतो, आणि विचारून झालं की लगेच उठत नाही, थांबतो.