गिआन मार्कचं गिधाड

आल्प्समधल्या त्या संरक्षित खोऱ्यात याखेन सव्वीस वर्षं वाटाड्या होता. पाहुणे आले की आधी दम भरायचा, "पायवाट सोडायची नाही. फूल तोडायचं नाही. दगडसुद्धा खिशात टाकायचा नाही!" मग बोलायला लागला की थांबायचं नाव नसे. मेंढपाळांची खोपटं, जुन्या चुनाभट्ट्या, घरांच्या भिंतींवर कोरलेली नक्षी, सगळं त्याला तोंडपाठ. गाडी अडायची ती एकाच ठिकाणी.

गावातल्या चिमुकल्या संग्रहालयात पेंढा भरलेलं दाढीवालं गिधाड होतं. ते मारलं होतं याखेनच्या आजोबांनी, गिआन मार्कनी. हा पक्षी कोकरं पळवतो, अशी तेव्हा सगळ्यांचीच खात्री होती, म्हणून गावानं त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं. त्यानंतर खोऱ्यात एकही गिधाड दिसलं नाही. कित्येक वर्षांनी पिल्लं आणून कड्यावर सोडायचं ठरलं, तेव्हा एका पिल्लाची पेटी पाठीवर बांधून वर चढला तो याखेनच. आजोबांचं नाव मात्र त्यानं कधी घेतलं नाही.

एकदा पाहुण्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. काचेला नाक लावून त्यांनी विचारलं, "हे कुणी मारलं हो?"

"असेल कुणीतरी शिकारी," याखेन म्हणाला आणि दाराकडे वळला.

तिकिटांच्या टेबलामागून त्याच्या बायकोचा, मेंजाचा आवाज आला. "कुणीतरी? सख्ख्या आजोबाला कुणीतरी म्हणतोस? लाज नाही वाटत?"

"मेंजा, तू तिकिटं फाड!"

"फाडली. दहाच्या दहा. आता बोल."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. याखेनचे कान लालबुंद झाले. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"मी नऊ वर्षांचा होतो," तो शेवटी म्हणाला. "आजोबांनी मला गोठ्यात नेऊन सांगितलं. गिधाड घरी आणल्यावर त्यांनी त्याचं पोट फाडलं होतं. आत लोकर नव्हती. मांसही नव्हतं. नुसती जुनी हाडं, आधीच मेलेल्या जनावरांची. बाहेर लोक नाचत होते, त्यांना काय सांगणार? गप्प बसले. पण पुढे दर वसंतात एकटेच कड्याखाली जायचे, दुसरं एखादं येतंय का बघायला. गुडघे गेले तेव्हाच थांबले."

मेंजा उठून उभी राहिली होती. "हे तू मलासुद्धा नाही सांगितलंस," ती हळूच म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस म्हणाले होते."

"मग हे झाकायचं कशाला?" शिक्षिकाबाई म्हणाल्या. "चुकलं हे कळल्यावर इतकी वर्षं कड्याखाली वाट बघणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही."

त्या दिवशी खोऱ्यात याखेन एवढा बोलला की परतीची बस चुकली. मेंजानं सगळ्यांना घरी नेऊन जवाचं सूप वाढलं.

पुढच्या आठवड्यात काचेखाली नवी पाटी लागली. मजकूर याखेनचा, अक्षर मेंजाचं. गिधाड कुणी मारलं, पोटात काय निघालं आणि तो माणूस नंतर काय करत राहिला, सगळं त्यात होतं. मेंजा सांगते, याखेननं तीन पानं लिहून आणली होती. तिनं कात्री लावली म्हणून बरं, नाहीतर पक्षी दिसलाच नसता.