नवरदेवाचा टर्बो

आळेफाट्याला एसटीची वाट बघत बसलं, की शेजारच्या गॅरेजातला तो पोरगा रोज दिसायचा. स्वतःच्या छोट्या मोटारीचं इंजिन उघडून बसलेला, आणि लग्न तर तोंडावर आलेलं. सासरवाडीनं त्या मोटारीला डबडं म्हटलेलं, म्हणून वरातीत ती वाऱ्यासारखी पळवायचीच, हा त्याचा हट्ट. अडलं होतं ते इंजिनाचा जोर वाढवायला सुपरचार्जर बसवायचा की टर्बो, एवढ्यावर.

“मावशी, सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. पॅडल दाबलं की लगेच जोर, पण खातो इंजिनाचंच. टर्बो इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, फुकटात. फकस्त वेग आल्याबिगर जागा व्हत न्हाई.”

“म्हंजे आमचे मालकच की रं!” मी म्हटलं.

तो खूप हसला, आणि टर्बोच बसवला. वरात किती वेगानं चालते, हे मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

वरात फाट्यावरूनच गेली. मोटार दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होईना, म्हणून मुंडावळ्या बांधून नवरदेवच स्टिअरिंगवर. पुढं बँड, नाचणारी पोरं, आणि मोटार मुंगीच्या पावलांनी. शेवटी त्यानं खिडकीतून डोकं काढलं, “अरं, जरा बिगी बिगी चला की राव!”

“नवरदेवाला लई घाई झालीया!” पोरं ओरडली, आणि बँडवाल्यांना त्यांनी आणखी एक गाणं वाजवायला लावलं.