मावसाजींची नाडीपरीक्षा

आमगावातल्या धडधाकट माणसांना मरणाच्या दारात नेऊन बसवण्याचं काम माझ्या बायकोच्या मावसाजींनी जितक्या तळमळीनं केलं, तितकं कुठल्या साथीनंही केलं नसेल. त्यांचं किराणा दुकान. पण समोर मनगट दिसलं की त्यांची तीन बोटं आपसूक नाडीवर जायची. गिऱ्हाईक गूळ घ्यायला यायचं आणि पित्त वाढल्याची बातमी घेऊन जायचं. एका लग्नात तर त्यांनी हार घालायला निघालेल्या नवरदेवाचा हात धरून ठेवला. "थांब ना गा, पाहून राहिलो!"

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या बुडाशी, एक मऊ गाठ आली आणि वाढत वाढत लिंबाएवढी झाली. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग ती बधिरच झाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "चरबी की गाँठ है, कैंसर-वैंसर कुछ नहीं. मगर नस दब रही है. देर करोगे तो उंगलियाँ सुन्न ही रहेंगी." मावसाजींनी तिथल्या तिथे डॉक्टरांचीच नाडी पाहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "जावईबापू, या डॉक्टरातच काही जीव नाही राहिला."

त्यानंतर गावात कोणाचीच नाडी त्यांना धड लागेना. शेजारच्या गुरुजींनी घाबरून पुण्याच्या मुलाला बोलावून घेतलं. बोटं तुमची बधिर झालीत, लोक ठणठणीत आहेत, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ऑपरेशनची तारीख घ्यावी, तर हे ऐन वेळी गायब! शेवटी मी ओरडलोच, "हात कायमचा जाईल! काऊन येत नाही जी तुम्ही?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कसा येऊ? तुमच्या मावशीची नाडी लागूनच नाही राहिली. मी तिकडं पडून राहिलो, अन् इकडं ती गेली त?" रोज सकाळी तिचा हात धरून पाहायचे आणि मनातल्या मनात झुरायचे. आत मावशी दणादण लसूण कुटत होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मग मावशीलाच बरोबर घेऊन गोंदिया गाठलं. गाठ निघाली, बोटांत जाणीव मात्र फार सावकाश परतली. एका सकाळी मावशी चहा द्यायला वाकली, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

"सोडा ना जी, चाय सांडून राहिली."

"चालून राहिली वं तुझी," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मावशीनं मग हात काढून घेतला नाही.